यंदा नारळी पौर्णिमा ८ ऑगस्टला आहे. त्या दिवशी बंदरावर अण्वस्त्रांविरुद्ध ठराव मांडायचा आहे, मदत हवी

सुवर्णदुर्ग
१९ जुलै २०२५, रात्री ९.४०

सध्या मासेमारीला पावसाळी बंदी आहे. होड्या वर ओढल्यात, ताडपत्र्या घातल्यात, आणि हर्णैत घरोघर पडवीत जाळी शिवायचं काम चाललंय. मीही दिवसभर तेच करतो. हात चालू आणि डोकं मोकळं, त्यामुळे दोन महिने एकच गोष्ट मनात घोळतेय. ती इथे लिहितो. लांब होईल, सांभाळून घ्या.

७ मेला देशभर मॉक ड्रिल झालं. त्या यादीत आपले रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्हेही होते. आदल्या मध्यरात्रीच ऑपरेशन सिंदूर सुरू झालेलं. टीव्हीवर भोंगा वाजायला लागला तशी माझी आई, वय वर्षं ७८, स्वयंपाकघरातून ओरडली, "बोटी आत घेतल्या का रे सगळ्या?" तिला भोंगा म्हणजे वादळ एवढंच ठाऊक. मी म्हटलं, आई, हा वादळाचा नाही, बॉम्बचा. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग आत घेऊन काय होणार?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून वाचायला बसलो, आणि वाचता वाचता एका होडीपाशी येऊन थांबलो.

जपानात याइझू नावाचं बंदर आहे. तिथली ही लाकडी होडी, नाव दाइगो फुकुर्यू मारू. कुपा (ट्यूना मासा) मारायला लांब समुद्रात गेलेली, वर २३ माणसं. १ मार्च १९५४ च्या पहाटे त्यांना पश्चिमेला उजाडताना दिसलं. अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली होती. ही होडी जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीच्या बाहेर होती. म्हणजे नियम मोडून कुठे घुसली नव्हती. पण बॉम्ब ठरवल्यापेक्षा कितीतरी मोठा निघाला, १५ मेगाटन, हिरोशिमाच्या साधारण हजार पट. दोनेक तासांनी आभाळातून पांढरी राख पडायला लागली. बेटावरचं पोवळं जळून त्याची झालेली भुकटी ती. डोक्यावर, अंगावर, मासळीवर. आणि ही माणसं काय करत होती? दोर ओढत होती. कित्येक किलोमीटरचा गळांचा दोर पाण्यात होता, तो आत घ्यायला सहा तास लागले. सहा तास राख अंगावर घेत त्यांनी दोर ओढला.

हे मी आमच्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, वाचून दाखवलं. त्याने सुई तशीच जाळ्यात ठेवली. म्हणाला, "मग काय, तोडून पळायचं होतं? कर्ज कोण फेडणार?"

दोन आठवड्यांनी होडी बंदराला लागली तेव्हा माणसांची तोंडं काळी पडली होती, केस हाताला येत होते. मासळीचा लिलाव मात्र झाला, कारण कोणालाच काही माहीत नव्हतं. मग बातमी फुटली. बाजारात यंत्रं घेऊन मासळी तपासायला लागले, शेकडो बोटींचा माल फेकून, जमिनीत पुरून टाकावा लागला, कुप्याचा भाव कोसळला. त्या होडीवर बिनतारी संदेशाचं काम करणारा माणूस २३ सप्टेंबर १९५४ ला गेला. चाळिशीचा होता.

पुढची गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. तोक्योच्या सुगिनामी भागात बायकांची एक सभा चालली होती, तिथे एका मासळीच्या दुकानदाराची बायको उठली आणि म्हणाली, आमचा धंदा बुडालाय, या बॉम्बचं काहीतरी करा. तिथून सह्यांची मोहीम निघाली. १९५५ पर्यंत ३ कोटींच्या वर सह्या झाल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हिरोशिमाला अण्वस्त्रांविरोधी पहिली जागतिक परिषद भरली. तिच्या मुळाशी मासळी विकणाऱ्या बाईचं गाऱ्हाणं आहे.

आणि आपला देश? २ एप्रिल १९५४, म्हणजे त्या चाचणीला महिनाच झाला होता, तेव्हा नेहरूंनी लोकसभेत उभं राहून मागणी केली की अशा चाचण्या थांबवा. असं जाहीरपणे मागणारे आपण पहिल्यांपैकी होतो.

आज कुठे आहोत बघा. शस्त्रांचा अभ्यास करणाऱ्या स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेचा जूनमधला हिशेब आहे: जगात १२,२४१ अण्वस्त्रं. आपली १८०, पाकिस्तानची १७०, चीनची ६००. अण्वस्त्रं असलेल्या नऊ देशांपैकी जवळजवळ सगळे आपापला साठा नवा करण्यात गुंतलेत. २०२४ साली जगाने लष्करावर २,७१८ अब्ज डॉलर घातले, एका वर्षात ९.४ टक्के वाढ. खर्चात आपण पाचवे. गेल्या महिन्यात नाटोच्या देशांनी ठरवलं की २०३५ पर्यंत उत्पन्नाचे ५ टक्के संरक्षणावर घालायचे. अमेरिका आणि रशिया यांच्यात अण्वस्त्रांना मर्यादा घालणारा एकच करार उरलाय, त्याची मुदत फेब्रुवारी २०२६ मध्ये संपते.

मी फौजेच्या विरुद्ध नाही, हे स्पष्ट लिहितो. निसर्ग वादळानंतर आम्हाला वर्दीतल्या माणसांनीच मदत केली. पण बॉम्बने किनारा राखला जातो हे मला पटत नाही. १९९३ ला मुंबई स्फोटांचं आरडीएक्स आपल्याच शेखाडीला उतरलं तेव्हा आपण अजून अण्वस्त्रधारी देश म्हणून जाहीर झालो नव्हतो. २००८ ला झालो होतो, तरी दहा माणसं पोरबंदरची एक मासेमारी बोट पळवून, तिच्यावरच्या माणसांना मारून, मुंबईच्या मच्छीमार वस्तीत उतरली. मे १९९८ ला पोखरण झालं आणि पुढच्याच मे महिन्यात कारगिल. पोखरणने थांबवलं काय?

८ ऑगस्टला नारळी पौर्णिमा आहे आणि दुसऱ्याच दिवशी नागासाकीला ८० वर्षं होतात. आम्ही दर्याला नारळ वाहतो तेव्हा काहीतरी मागतो. यंदा बंदरावर एक ठराव वाचावा आणि सह्या घ्याव्यात असं मनात आहे. मजकूर कसा असावा? विरोध असेल तर तोही मोकळेपणी लिहा.

निवृत्त सुभेदार
२० जुलै, सकाळी ७.१५

सुवर्णदुर्गभाऊ, मनापासून लिहिलंत म्हणून मनापासून उत्तर देतो. मी मंडणगड तालुक्यातला, १९ वर्षं फौजेत काढली. माझ्या गावात देवळाशेजारी एक संगमरवरी पाटी आहे. पहिल्या महायुद्धात या गावातून किती गेले आणि किती परत आले नाहीत ते इंग्रजीत कोरलंय. कोकणात अशा पाट्या गावोगाव सापडतील. आमच्याकडे शेती पोटापुरती नाही, एक भाऊ मुंबईच्या गिरणीत आणि एक पलटणीत, अशीच घरं चालली. दापोलीला अजून म्हातारी माणसं कॅम्प म्हणतात ते उगाच नाही.

तेव्हा संरक्षणाचा खर्च कमी करा असं कोणी म्हटलं की मला आधी आठवतो तो बर्फातला बूट. गळका बूट असला की बोट जातं. माझ्या बरोबरच्या एकाची तीन बोटं गेली. हा बूट त्याच पैशातून येतो. शेजारी चीन ६०० वर गेलाय आणि आपण ठराव करायचे? युक्रेनने अण्वस्त्रं देऊन टाकली, आज त्याची काय अवस्था आहे? कान्होजी आंग्रे तुमच्या सुवर्णदुर्गावरच घडले. आरमार नसतं तर किनारा राहिला असता का?

आकडेमोड
२० जुलै, दुपारी १.०५

रत्नागिरीत कर सल्लागार म्हणून काम करतो, त्यामुळे भावनेपेक्षा अर्थसंकल्प बरा समजतो. २०२५-२६ ची संरक्षणाची तरतूद ६ लाख ८१ हजार कोटी आहे. त्यात सुमारे १ लाख ६० हजार कोटी पेन्शन, म्हणजे सुभेदारसाहेबांसारख्यांचा हक्काचा पैसा, त्याला कोणी हात लावू नये. नवीन विमानं, जहाजं, शस्त्रं यांसाठीची भांडवली रक्कम १ लाख ८० हजार कोटी. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाला सगळं मिळून जेमतेम १ लाख कोटी.

दिवसाला काढलं तर संरक्षणाचे १,८६६ कोटी होतात. आता आपल्या धंद्याचं बघा. पंतप्रधान मत्स्य संपदा योजना, सगळ्या देशाची, सगळ्या किनाऱ्यांची, २०२० पासून पाच वर्षांची, २०,०५० कोटी. आणि यातसुद्धा राज्यांचा आणि लाभार्थ्यांचा वाटा धरलेला. म्हणजे पाच वर्षांची मासेमारी योजना आणि संरक्षणाचे अकरा दिवस सारखेसुद्धा भरत नाहीत. गेल्या एप्रिलमध्ये नौदलासाठी २६ राफेल घेण्याचा करार झाला तो सुमारे ६३,००० कोटींचा.

अण्वस्त्रांवर त्यातले किती जातात तो आकडा वेगळा छापलाच जात नाही. मला सर्वात जास्त खुपतं ते हे. घरात बाई मिठाच्या पुडीचा हिशेब ठेवते.

मास्तर
२० जुलै, रात्री ८.३०

निवृत्त शिक्षक आहे, इतिहास शिकवला. सुभेदारसाहेब, आंग्र्यांचं नाव काढलंत म्हणून लिहितो. चिपळूणजवळच्या छावणीतल्या आपल्याच लोकांना शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. आशय असा: दाणागोटा, वैरण आत्ताच बेहिशेब उडवाल तर पावसाळ्यात उपाशी मराल, मग कुणब्याकडून दाणे, भाकरी, गवत, लाकूड ओरबाडायला लागाल, आणि ते म्हणतील यांच्यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर पेटती वात नेऊन गंज्या जाळतील, इथपर्यंत बारीक लिहिलंय. लष्कर रयतेच्या जिवावर पोसायचं नाही, हे आरमार उभारणाऱ्या राजाने सांगितलंय, तेही कोकणातल्याच छावणीला.

दुसरे नाव ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास यांचं. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात जहाजाचे कप्तान होते, वीरचक्र मिळालं. १९९० ते ९३ नौदलप्रमुख. निवृत्तीनंतर अलिबागजवळ भायमळ्याला शेती करून राहिले. आणि पुढे मरेपर्यंत काय केलं? अण्वस्त्रांच्या विरोधात आणि भारत-पाकिस्तान सलोख्यासाठी काम. २००४ ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पाकिस्तानातल्या मानवी हक्क कार्यकर्त्यासोबत विभागून. गेल्या वर्षी मार्चमध्ये गेले. एकदा त्यांचं बोलणं ऐकण्याचा योग आला होता. पांढरी दाढी, खादीचा झब्बा, आवाज मात्र अजून जहाजावरचा. अण्वस्त्रांना शस्त्र म्हणूच नका, हा त्यांचा रोख होता. ज्या माणसाने आयुष्य आरमारात घालवलं त्याला भित्रा कोण म्हणेल?

साखरीनाटे
२१ जुलै, सकाळी ११.२०

ठरावात जैतापूर का नाही? माडबनच्या सड्यावर ९,९०० मेगावॉटचे सहा रिॲक्टर उभे करायचं ठरवलंय. २०११ ला आमच्या गावात पोलीस गोळीबार झाला, आमचा एक मच्छीमार गेला. बॉम्ब लांबचा आहे, हे आमच्या दारात आहे.

सुवर्णदुर्ग
२१ जुलै, रात्री १०.१५

एकेकाला उत्तर देतो.

साखरीनाटे दादा, तुमचं दुःख मोठं आहे. पण वीज आणि बॉम्ब एका ठरावात घातले तर विजेच्या बाजूची माणसं बॉम्बविरुद्धही सही करणार नाहीत. म्हणून हा ठराव अण्वस्त्रांपुरताच ठेवतो. दोन्हींचा संबंधच नाही असं मात्र मी म्हणत नाही. १९७४ च्या पोखरणचं प्लुटोनियम आपल्या मुंबईतल्या ट्रॉम्बेत, कॅनडाने शांततेच्या कामासाठी म्हणून दिलेल्या सायरस रिॲक्टरमध्ये तयार झालं होतं.

सुभेदार काका, तुमची तीन बोटांची गोष्ट वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. तुमचा बूट कमी करा असं मी कधीच म्हणणार नाही. माझं म्हणणं उलट आहे. अग्नी-५ क्षेपणास्त्रावर एकाऐवजी अनेक अण्वस्त्रं बसवता यावीत म्हणून मार्च २०२४ ला चाचणी झाली, ऑगस्टमध्ये अण्वस्त्रं वाहणारी दुसरी पाणबुडी आली. हे सगळं ज्या दिवशी वापरावं लागेल त्या दिवशी बूटवालाही नसेल आणि बूटही. मग नुसतं बाळगायला अजून किती? १८० पुरत नाहीत तर २०० पुरतील?

चीनचं म्हणाल तर तिथेच मला वाट दिसते. चीन १९६४ पासून म्हणतो, आम्ही पहिला वार करणार नाही. आपणही तेच म्हणतो, २००३ च्या धोरणात लेखी आहे. दोघांचं तोंडी एकच आहे तर दोघांनी एका कागदावर सह्या का करू नयेत? युक्रेनमधली अस्त्रं सोव्हिएत काळातली, ती डागण्याच्या किल्ल्या मॉस्कोकडे होत्या. स्वतःची अस्त्रं स्वतः मोडणारा देश दक्षिण आफ्रिका, सहा तयार बॉम्ब होते, मोडले, आणि १९९३ ला जगाला सांगितलं. त्यांच्यावर कोणी चालून गेलं नाही.

आणि चुकीचं काय? ९ मार्च २०२२ ला आपलंच एक ब्रह्मोस देखभालीच्या वेळी चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियां चन्नूला जाऊन पडलं. त्यात स्फोटकं नव्हती, माणूस मेला नाही, तीन अधिकाऱ्यांना काढलं. समोरच्याने ती पाच-सात मिनिटं वेगळा विचार केला असता तर? आमच्याकडे इंजिनचा नट चुकून ढिला राहिला तर एक बोट जाते. इथे चुकीला दोन देश.

घोलवडची
२१ जुलै, रात्री ११.५०

पहिल्यांदाच लिहितेय. आम्ही डहाणू तालुक्यातले. आमच्याकडची मुलं गुजरातच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातात, दिवाळीपासून मेपर्यंत. माझा मामेभाऊ असाच गेला आणि पलीकडच्यांनी पकडला. पाण्यावर रेघ नसते. साडेतीन वर्षं तुरुंगात होता. त्याची बायको इथे चिकूच्या वाडीत तोडणीला जायची. त्याचं पत्र यायचं, चार ओळींचं, आणि त्यात प्रत्येक वेळी विचारलेलं असायचं, धाकटी चालायला लागली का. तो परत आला तेव्हा धाकटी अंगणवाडीत जात होती आणि त्याला बघून दाराआड लपली.

तेव्हा मला एक गोष्ट कळली ती सांगते. दरवर्षी १ जानेवारीला भारत आणि पाकिस्तान एकमेकांना दोन याद्या देतात. एक अणुप्रकल्पांची, की यांच्यावर हल्ला करायचा नाही. करार १९८८ चा आहे आणि १९९२ पासून एकही वर्ष चुकलेलं नाही, यंदा ३४वी वेळ. दुसरी यादी कैद्यांची, त्यात आपले मच्छीमार असतात. ती १ जुलैलाही देतात. कितीही भांडण असो, कारगिल असो, काही असो, त्या दिवशी कागद पोचतोच. आम्ही घरी त्या तारखेची वाट बघायचो.

मला एवढंच म्हणायचंय, दोन्ही सरकारं ३४ वर्षं न चुकता एक शब्द पाळू शकतात, तर दुसराही पाळतील. ठरावात हे घाला ना. नुसतं बंद करा, बंद करा म्हटलं की लोक ऐकत नाहीत. जे चाललंय त्याला धरून पुढे न्या.

वाशिष्ठी
२२ जुलै, सकाळी ६.३०

आज २२ जुलै. चिपळूणच्या पुराला चार वर्षं. त्या रात्री आम्ही सहा जण पोटमाळ्यावर होतो, खाली फ्रीज तरंगत भिंतीवर आपटत होता, तो आवाज अजून झोपेत येतो. सकाळी रबरी बोट आली. त्याच दिवशी महाडजवळ तळियेवर डोंगर आला आणि ऐंशीच्या वर माणसं गेली. वर्षभर आधी निसर्ग. माझ्या आयुष्यात मला ज्याने ज्याने मारायचा प्रयत्न केला त्यातलं काहीही क्षेपणास्त्राने अडणारं नव्हतं. ती रबरी बोट आणि ती चालवणारी पोरं, एवढंच कामाला आलं. संरक्षणाचा पैसा त्या बोटीला आणखी द्या, मी आनंदाने देईन.

पर्जन्यमान
२२ जुलै, दुपारी ३.४०

वाशिष्ठी ताईंच्या पुढे एक जोडतो. बॉम्ब दिल्ली-लाहोरवर पडले तर कोकणाला काय, असं वाटणाऱ्यांसाठी. शहरं पेटली की काजळी इतकी वर जाते की पावसाने धुतली जात नाही, वर्षानुवर्षं ऊन अडवते. जमीन थंड पडते आणि पाऊस घटतो. २०२२ मध्ये 'नेचर फूड' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात काढलंय की भारत-पाकिस्तान अणुयुद्ध झालं तर जगभर पिकं बुडून २ अब्जांहून जास्त माणसं मरू शकतात, बहुतेक उपासमारीने. मृग कोरडा गेला तर आपण आठवड्यात घाबरतो. इथे मृगच यायचा नाही. रोपं लावायची कशावर?

रापणकार
२२ जुलै, रात्री ९.००

मी देवगडचो. आमचो रापणीचो धंदो. तुमी लिवलास त्यातली एकच गोष्ट माका लय लागली, ती दोर ओढूची. माझो बापूस असोच होतो. वादळ इला तरी रापण सोडून येवचो नाय. आये किनाऱ्यावर उभी रवान बोंब मारी. त्या जपान्यांच्या बायको-पोरांका कोणी इचारल्यान काय, की तुमका ह्यो बॉम्ब होयो काय म्हणान? आमकाय कोणी इचारूक नाय. तुमी कागद करा. सही माझी पयली.

निवृत्त सुभेदार
२३ जुलै, सकाळी ७.४०

दोन दिवस विचार केला. मास्तर, पत्र शाळेत वाचलं होतं, या नजरेने वाचलं नव्हतं. रामदास साहेबांचं नाव फौजेत ऐकून होतो.

एकूण खर्च कमी करा, यावर माझी सही मिळणार नाही. राफेलचा उल्लेख ठरावात नको, त्याने नौदलातल्या पोरांना वाटेल आपले गाववाले आपल्यावर उलटले. पण अण्वस्त्रांबद्दल खरं सांगतो. कोर्समध्ये आम्हाला शिकवायचे की अणुस्फोट झाला की जमिनीवर पालथं पडायचं, मग झटकून उठायचं आणि पुढे जायचं. एका शिकाऊ पोराने विचारलं, साहेब, पुढे म्हणजे कुठे? सगळे हसले होते. आता हसू येत नाही. जिथे सैनिकाला जाऊन लढायला जागाच उरत नाही ते सैनिकाचं हत्यार नव्हे.

अण्वस्त्रं वाढवू नयेत, पहिला वार न करण्याचा शब्द पक्का करावा, आणि त्यावरचा खर्च संसदेपुढे मांडावा, एवढं असेल तर मी सही करीन. हुद्द्यासकट.

आकडेमोड
२३ जुलै, सकाळी ९.१०

सुभेदारसाहेब, मान्य. एकूण खर्चाबद्दल माझं मत वेगळं आहे आणि वेगळंच राहील, ते मी माझ्या नावावर लिहीन. राफेल काढा.

सुवर्णदुर्ग
२५ जुलै, रात्री १०.३०

सगळ्यांचं वाचून मजकूर केलाय. मास्तरांनी शुद्धलेखन बघितलं.

"आम्ही खाली सह्या करणारे कोकण किनाऱ्यावरचे मच्छीमार, मासळी विकणाऱ्या बाया, शेतकरी, शिक्षक आणि माजी सैनिक, नारळी पौर्णिमेच्या दिवशी असा ठराव करतो की, भारताने अण्वस्त्रांचा साठा आहे त्यावर थांबवावा. पहिला वार न करण्याचं वचन चीन आणि पाकिस्तान यांच्याशी लेखी करारात आणावं. १ जानेवारीच्या अणुप्रकल्पांच्या यादीचा करार जसा ३४ वर्षं पाळला तसा हाही पाळता येईल. अण्वस्त्रांवरचा खर्च दरवर्षी संसदेपुढे वेगळा मांडावा. १२२ देशांनी २०१७ मध्ये मंजूर केलेल्या अण्वस्त्रबंदी कराराच्या चर्चेत आपल्या देशाने भाग घ्यावा. १९८८ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे जग अण्वस्त्रमुक्त करण्याचा आराखडा आपणच मांडला होता. आम्ही आमच्या सैनिकांच्या बाजूने आहोत. तुरुंगात असलेले दोन्हीकडचे मच्छीमार आधी घरी सोडावेत."

शेवटचं वाक्य घोलवडच्या ताईंसाठी. ते या ठरावात बसतं का असं एकाने विचारलं. बसतं.

सुवर्णदुर्ग
८ ऑगस्ट, रात्री ११.२०

आत्ता घरी आलो. मच्छीमार सोसायटीने ठराव अधिकृतपणे घ्यायला नकार दिला, म्हणाले राजकारण होईल, पुढच्या सभेत बघू. वाईट वाटलं, पण भांडलो नाही. नारळ वाहून झाल्यावर लिलावाच्या जागेवर टेबल टाकून बसलो. सुभेदार काका मंडणगडहून एसटीने आले, छातीला पदकं लावून. त्यांनी उभ्याने ठराव वाचला. भरतीचा आवाज होता, मागच्यांना ऐकू गेला नसेल. मग त्यांनीच परत वाचला.

पुरुष लांबून बघत होते. पहिली पुढे आली ती रोज हातपाटी घेऊन दापोलीला जाणारी एक म्हातारी. मी तिला याइझूची गोष्ट सांगायला लागलो, तर तिने थांबवलं. म्हणाली, "मासळी पुरली ना जमिनीत? मग कळलं मला." अंगठा उठवला, पदराला शाई पुसली आणि पलीकडे उभ्या असलेल्या बायकांना हाक मारली. त्यानंतर वही माझ्या हातात राहिलीच नाही. आईनेही सही केली. तिला लिहिता येतं हे मला माहीत होतं, पण तिची सही मी आज पहिल्यांदा बघितली.

वहीची दोन पानं राहिलीत. प्रत कलेक्टर कचेरीतून पंतप्रधान कार्यालयाला पाठवायची आहे, एक याइझूच्या बंदरालाही पाठवू म्हणतो. जपानीत चार ओळी कोणी लिहून देईल का?

रापणकार
१० ऑगस्ट, सकाळी ६.०५

कागदाचो फोटो धाडा. आमच्या सोसायटीची मिटिंग मंगळवारी आसा. सायबांका इचारा, देवगडाक येतले काय वाचूक. एसटीन नको, आमी न्हेवक येतंव.